पट्ट्यावरची चीर

"...ते सगळं खरं बुवा, पण यातला आधी हातात कुठला घेऊ, तेवढं सांगा की!"

मुरलीधर बोराडेनं पेटी उघडून भिकनबुवांच्या पुढ्यात सरकवली. पेटी कसली, रुखवतच मांडलं होतं. मखमलीवर तीन वस्तरे. पातं परजायला चामड्याचा पट्टा. धारेचा दगड. कुठल्याशा जनावराच्या केसांचा ब्रश, साबणाची वाटी, तुरटीचा खडा.

बुवा डोंगराखाली ओढ्याकाठच्या मठात एकटेच राहायचे. डोकं आणि दाढी गुळगुळीत. रोज स्वतःच्या हातानं, वस्तऱ्यानं, तेही आरशावाचून. आसपासच्या गावांत असा वस्तरा चालवणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. न्हाव्यांकडंसुद्धा आता अर्धं ब्लेड अडकवायची मूठ असते. एकाची झाली की ब्लेड फेकून द्यायचं. माणसंही तशीच झालीत म्हणा.

मुरलीधरचं फरश्यांचं मोठं दुकान. गिऱ्हाइकाला काय पाहिजे ते तो कधी विचारायचा नाही; काय घ्यायचं ते सांगायचा. मठातही तसाच बसला होता, ऐसपैस.

"हा जर्मनीचा. रुंद पात्याचा, वजनदार. हा टोकदार, कानशिलाच्या कडा सुबक निघतात म्हणे. आणि हा आपला साधा, गोल टोकाचा."

"गोल टोकाचा," बुवा म्हणाले.

"बास?"

"बास. शिकणाऱ्याच्या हातात टोक देऊ नये. रुततं."

मुरलीधर हिरमुसला. दिवाळीपासून तो हेच निवडत बसला होता, आणि आता होळी आली होती. बुवा निदान पातं उन्हात धरून बघतील, वा म्हणतील, असं त्याला वाटलं होतं.

बुवांनी पट्टा उचलला. मधोमध तिरकी चीर गेली होती.

"धार पुढं करून ओढलास."

"मग? गालावर पण धारच पुढं असते ना?"

"गालावर. पट्ट्यावर पाठ पुढं, धार मागनं. नाहीतर चामडं पण जातं आणि धार पण जाते. कुणी दाखवलं नाही तुला?"

"मोबाइलवर बघितलं."

"मग ही चीर मोबाइलला दाखवलीस का?"

मुरलीधरचा हात नकळत कानाखालच्या चिकटपट्टीकडं गेला.

"ती पण तसलीच वाटतं?"

"...हो."

"अरे, मशीन आहे, न्हावी आहे. या वयात हा उपद्व्याप कशाला?"

"माझ्यासाठी नाही. अण्णांसाठी."

बुवांनी पट्टा मांडीवर ठेवला.

अण्णा म्हणजे मुरलीधरचे वडील, सरकारी रस्त्यांवर रोलर चालवायचे. नवरात्रात त्यांची उजवी बाजू गेली. तेव्हापासून खाटेवर.

"मशीन लावलं की तोंड फिरवतात," मुरलीधर म्हणाला. "न्हावी आणला, त्याला डाव्या हातानं ढकललं. दाढी गळ्याखाली उतरलीय, बुवा. लाळ गळते, केसांत राहते, आतली कातडी चिघळलीय. डॉक्टर म्हणाले, आता फार दिवसांचं नाही. अशा तोंडानं जाऊ नयेत... एवढंच."

"वस्तऱ्याचाच माणूस तो. रोलर पलीकडं लावून यायचा पाणी प्यायला. इथंच बसायचा, तू बसलायस तिथं." बुवांनी पेटीतल्या तिन्ही वस्तऱ्यांवरनं नजर फिरवली. "त्याचा कुठंय?"

मुरलीधर पेटीकडंच बघत राहिला.

"भंगारात गेला. नवं घर बांधलं तेव्हा."

"गेला?"

ओढ्यात एक म्हैस उठली, अंग झाडून परत बसली.

"...घातला."

बुवा खवळले असते तर बरं झालं असतं. बुवा शिव्या द्यायला प्रसिद्ध होते, आणि शिव्या खायची तयारी करूनच तो आला होता. पण त्यांनी मांडीवरचा पट्टा तेवढा गुंडाळून पेटीत ठेवला.

सकाळी सकाळी अण्णा खिडकीच्या गजाला पट्टा अडकवायचे. सपासप आवाज यायचा. तो आवाज ऐकतच मुरलीधर लहानाचा मोठा झाला. कॉलेजात असताना एकदा त्यांनी हाक मारली होती, "मुरल्या, इकडं ये. हात कसा धरायचा बघून ठेव." हा बूट घालत होता. म्हणाला, "असली जुनी थेरं तुमची तुम्हालाच लखलाभ." अण्णांनी पातं पुसलं, मिटलं. अर्ध्या गालावर साबण तसाच होता.

पुन्हा त्यांनी कधी हाक मारली नाही. यानंही मारू दिली नाही म्हणा.

"शिकवा मला, बुवा," मुरलीधर म्हणाला. त्याची मांडी कधी मोडली, पाय कधी पोटाशी आले, त्याचं त्यालाच कळलं नाही. "तुम्ही म्हणाल तो घेतो. हे बाकीचं ओढ्यात टाकतो, म्हणाल तर."

"ओढ्यानं काय घोडं मारलंय? हात आण इकडं."

बुवांनी त्याचा हात धरून आपल्या गालावर ठेवला. वस्तरा नाही, साबण नाही. नुसता हात.

"ताण कातडं. कानाकडं, वर."

मुरलीधरची बोटं तशीच राहिली. म्हाताऱ्याचा गाल गरम होता. आत दाढा नव्हत्या, त्यामुळं बोटं खोल गेली.

"ताण की. मोडत नाही."

"...हो."

"बापाचा असाच लागतो का हाताला?"

"माहीत नाही."

"का?"

"कधी लावला नाही हात."

बुवांनी त्याचा हात सोडला. तो तसाच हवेत राहिला थोडा वेळ. मग त्यानं तो मांडीवर घेतला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"मी रोज येतो," मुरलीधर घाईनं म्हणाला. "हात बसेपर्यंत स्वतःवर करतो. फुग्यावर करतो, मडक्यावर करतो. चांगला बसला की मग अण्णांची. त्यांच्यासमोर चुकायला नको."

"का नको? रक्ताला भितोस?"

"रक्ताचं नाही... त्यांच्या डोळ्यासमोर माझा हात थरथरायला नको. मीच तेव्हा म्हणालो होतो..."

पुढचं त्याला सांगता येईना.

बुवांनी गोल टोकाचा वस्तरा तेवढा उचलला, मिटला, फडक्यात गुंडाळून त्याच्या ओंजळीत ठेवला. बाकीच्या पेटीचं झाकण लावून ती बाजूला सारली.

"मी नाही शिकवणार."

"बुवा!"

"घरात शिकवणारा बसलाय, आणि तू डोंगर उतरून माझ्याकडं येतोस? ऊठ. आज संध्याकाळीच पाणी तापव. खाटेजवळ बस. वस्तरा त्याच्यासमोर धर, आणि विचार, कसा धरू म्हणून."

मुरलीधर रडकुंडीला आला. "कसं विचारू, बुवा? ते काय सांगणार? वाचा गेलीय त्यांची."

बुवांनी त्याच्याकडं बघितलं.

"त्याची गेली रे... पण तुझी कशानं बसलीय?"