उडीआधीचा धागा

फार पूर्वी, गोठ्यांच्या भिंती गुरांपेक्षा कोळ्यांनाच जास्त ठाऊक होत्या तेव्हा, एका दगडी भिंतीवर दोन कोळिणी राहत होत्या. नात्याने जावा-जावा. जाळं विणायची त्यांच्यात रीत नव्हती. उडी मारून माशी धरायची. दोघींची अंडी वेगवेगळ्या भेगांत होती.

थोरली आपल्या भेगेपासून धागा सोडत यायची. प्रत्येक उडीआधी थांबून तो दगडाला चिकटवायची आणि मगच झेपावायची. तोवर निम्म्या माश्या उडून जायच्या.

“जाऊबाई, तुमचं चिकटवून होईतो माशी म्हातारी होते,” धाकटी म्हणायची. “आजवर पडलात तरी कधी?”

“नाही पडले.”

“मग?”

थोरली दमलेल्या पायांनी पुढच्या दगडाकडे वळायची. धाकटीने धागा लावणं सोडूनच दिलं आणि ती चांगली गुटगुटीत झाली. हिचंच बरोबर असेल, असं थोरलीलाही वाटू लागलं होतं.

एके दुपारी म्हशीने भिंतीला अंग घासलं आणि दोघी पडल्या. थोरली जराशी लोंबकळली, मग धाग्यावरून चढत मागच्या दगडावर परत आली. वाया गेली ती एक उडी. धाकटी खाली शेणात पडली. तिला लागलं काहीच नाही, पण खालून भिंत सगळीकडे सारखीच दिसत होती.

“जाऊबाई, माझी भेग कुठली हो?”

थोरलीने भिंतभर नजर फिरवली. भेगा पुष्कळ होत्या.

“माझा धागा माझ्याच भेगेपर्यंत जातो गं,” ती म्हणाली. “ये वर. अंड्यांना मुंग्या लागायच्या आत एकेक भेग बघू.”