थोरलीचा हापूस

एका गावात एक भांडण चालू होतं. चांगलं रंगात आलेलं. कमरेएवढ्या दगडी बांधाच्या अलीकडे थोरली जाऊ, पलीकडे धाकटी जाऊ, आणि दोघींच्या डोक्यावर आंब्याची एक फांदी, फळांनी वाकलेली. झाड धाकटीचं, पण फांदी बांध ओलांडून थोरलीच्या परसात आलेली. आणि थोरलीच्या हातात कुऱ्हाड.

"जाऊबाई, ती कुऱ्हाड खाली ठेवा."

"ठेवते की! तुझ्या झाडाच्या बुंध्यातच ठेवते."

"अहो, पण झाडानं तुमचं काय वाकडं केलं?"

"काय केलं? माझा हापूस नासवला! तुझ्या या गावठी झाडाचं वारं लागलं, म्हणून माझं फळ आंबट निघालं."

"वारं लागून फळ आंबट होतं होय? मग इतकी वर्षं तुमच्या शेजारी राहून माझं झाड गोड राहिलं कसं?"

जमलेल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. मागं ओसरीवर तिची विहीणबाई ताठ बसली होती, समोर रसाची वाटी, त्यातला एकच घोट कमी झालेला. आणि दारात थोरलीची एकुलती एक लेक, हौसा, हातात पळी घेऊन उभी होती.

भांडणालाही कोय असते. ही कोय कुठं रुजली ते आधी ऐका.

थोरली काही वाईट बाई नव्हती. कामाला वाघीण होती. पण तिला एक खोड होती. स्वतःचं ताट वाढून घेतलं की तिची पहिली नजर जायची ती धाकटीच्या ताटाकडे. भाऊ वेगळे निघाले, एका घराची दोन घरं झाली, परसात बांध पडला, तरी नजर काही वेगळी निघाली नाही. धाकटीची भाकरी टम्म फुगली की हिला आपली चपटी वाटायची. धाकटीच्या गाईला कालवड झाली आणि हिच्या गाईला खोंड झाला, तर आठ दिवस ही त्या बिचाऱ्या खोंडाशी बोलली नाही.

हौसा तेव्हा परकरात होती आणि आंब्याची वेडी होती. तेही चोखायच्या आंब्याची. बाजारातून बिटक्या, ते लहान चोखायचे आंबे, आणले की एकेक कोय पांढरी होईस्तोवर सोडत नसे. कोपरापर्यंत ओघळ. कापलेल्या फोडी पुढं केल्या तर म्हणायची, "आंबा काय काकडी आहे, कापून खायला?"

म्हणून थोरलीनं मनाशी धरलं, की पोरीसाठी परसात एक चोखायच्या आंब्याचं कलम लावायचं. धरलं ते चांगलंच धरलं. पण ती निघायच्या आदल्याच दिवशी धाकटी बागवानाकडे जाऊन आली.

बागवान म्हातारा होता आणि आल्यागेल्याला तीनच प्रश्न विचारायचा. माती कशी, पाणी किती, आणि खाणार कोण? धाकटीनं सरळ सांगितलं, "माती काळी, खाली चुनखडी. पाणी न्हाणीचं. खाणार आमचे मामंजी, तोंडात एक दात नाही." बागवानानं तिला साखरगोटीचं कलम दिलं. त्याच भागातला आंबा, लिंबाहून जरा मोठा. वरचं देठ काढायचं, तोंडाला लावायचा आणि डोळे मिटायचे.

दुसऱ्या दिवशी थोरली गेली.

"माती कशी?" बागवानानं विचारलं.

"धाकटीची तशीच माझी."

"पाणी?"

"तिला आहे तेवढंच मला."

"खाणार कोण?"

थोरलीच्या ओठावर हौसाचं नाव आलं होतं. ते तिनं गिळलं आणि म्हणाली, "ते राहू द्या. धाकटीनं काय नेलं?"

"साखरगोटी."

"मग मला तिच्या वरचढ द्या. आंब्यांचा राजा द्या. हापूस."

बागवान हसला. "बाई, हापूसला समुद्राकडचा वारा लागतो, तांबडी माती लागते. तुमच्या चुनखडीत तो रुसून बसेल."

"तुम्ही द्या. रुसवा काढायला मी खंबीर आहे."

"आंबा आपल्या मातीत लावायचा असतो, बाई. जावेच्या छातीवर नाही."

हे ऐकून तरी तिनं पाठ फिरवावी! पण नाही. कलम घेतलंच. देताना बागवानानं बोट ठेवून दाखवलं, "हा बघा सांधा. याच्या वर हापूस, खाली रायवळ, म्हणजे गावठी, कोयीचा खुंट. सांध्याखाली जे फुटेल ते नखानं खुडत जा. माया करू नका. ते वाढलं, तर वरचं मरेल."

दोन झाडं लागली, बांधाच्या दोन बाजूंना. शहाणं माणूस झाडाला पाणी घालतं आणि आपल्या कामाला लागतं. थोरली पाणी घालायची आणि मग काठी घेऊन बांधावर चढायची, दोन्ही झाडं मोजायला. पहिल्या वर्षी धाकटीचं झाड मांडीला लागलं, हिचं गुडघ्याला. दुसऱ्या वर्षी तिचं कमरेच्या वर गेलं, हिचं तिथंच, पानांच्या कडा करपलेल्या. खत घातलं, ताक ओतलं, दृष्ट काढली. राजा काही हलेना.

तिसऱ्या वर्षी सांध्याखाली एक कोंब फुटला. तांबूस, रसरशीत. आठवड्यात वीतभर वाढला. थोरलीनं त्याला नख लावलं. तेवढ्यात तिची नजर बांधापलीकडे गेली. धाकटीचं झाड खांद्याला लागलं होतं. थोरलीनं नख काढून घेतलं.

"वाढतंय ते झाडच ना? वाढू दे," ती स्वतःशी म्हणाली.

धाकटीनं बांधावरून पाहिलं. "जाऊबाई, ते सांध्याखालचं आहे. खुडा हो, नाहीतर हापूस जाईल."

"का गं? माझं झाड वाढायला लागलं तर तुझ्या डोळ्यात खुपलं का?"

"माझ्या कशाला खुपेल? बागवानानं सांगितलं तेच सांगते."

"तुझ्या झाडाचं तू बघ. माझं मला कळतं."

जिचं आयुष्य दुसरीच्या परसात डोकावण्यात गेलं, तिनं हे म्हणावं!

कोंब फोफावला. वरचं कलम उन्हाळ्यात वाळून काडी झालं. थोरलीनं ती काडी मोडली, चुलीत घातली आणि कुणाकडे त्याचा ब्र काढला नाही. पण झाड मात्र काय वाढलं! सहाव्या वर्षी धाकटीच्या झाडाच्या वर गेलं. येणाऱ्याजाणाऱ्याला ती म्हणायची, "हा आमचा हापूस." इतक्यांदा म्हणाली, की शेवटी तिचं तिलाच ते खरं वाटायला लागलं.

इकडे पाचव्या वर्षीच धाकटीच्या साखरगोटीला फळ धरलं होतं. पहिला आंबा मामंजींनी खाल्ला, दुसरा हौसानं. त्या दिवसापासून हौसा दुपारची काकूच्या आंब्याखाली दिसायला लागली. काकू खाली बसून गहू निवडायची, ही कोय चोखत बसायची, आणि दोघींचं काय काय चालायचं देव जाणे. हसण्याचे आवाज तेवढे बांध ओलांडून यायचे.

"हौसे, घरात ये!" थोरली ओरडायची. "आपला हापूस येईल आता."

"येईल तेव्हा खाईन, आई."

धाकटी दर वर्षी पाटीभर आंबे बांधावर ठेवायची. थोरली ती पाटी उचलायची आणि म्हशीपुढं रिकामी करायची. म्हैस मिटक्या मारत खायची. हौसानं हे पाहिलं होतं.

पुढं हौसाचं लग्न झालं. दर उन्हाळ्यात ती माहेराला यायची. आल्या दिवशी आईजवळ, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा काकूच्या आंब्याखाली. थोरली तिला पुरणपोळी करून घालायची, डोक्याला तेल लावायची, पण पाठ वळली की पोरगी पलीकडे. भाकरी, कालवड, झाडाची उंची, या सगळ्यांचं जळणं वरवरचं होतं. हे जळणं आतलं होतं. आपल्या पोटची पोर आपल्या घरी येते आणि दुसरीच्या सावलीत बसते! थोरलीनं मनाशी गाठ मारली, की एकदा माझ्या झाडाला फळ येऊ दे, मग बघते कशी जाते ती.

आणि दहाव्या वर्षी मोहर आला. झाड नखशिखांत मोहरलं. थोरलीनं विहीणबाईंना सांगावा धाडला, "यंदा हापूसच्या रसाला या. लेकीला घेऊनच या."

फळं धरली ती लहान, हिरवी आणि नाकाड. बायका म्हणाल्या, "हापूस असा असतो होय?" थोरली म्हणाली, "जातिवंत झाड पहिल्या वर्षी लहानच फळ देतं." गवताच्या अढीत आंबे घातले. रस काढायला बसली तेव्हा बोटांना आंब्याचे दोरेच दोरे गुंडाळले गेले. तिनं साखर ओतली, दूध ओतलं, वर वेलदोडा घातला. मनातून तिला कळलं नसेल असं नाही. पण ज्या बाईनं काडी चुलीत घातली, ती रस कसला ओतून देते?

पंगत बसली. विहीणबाईंनी वाटी तोंडाला लावली. त्यांचा एक डोळा आपोआप मिटला. वाटी खाली ठेवून त्यांनी दातातून एक लांबलचक दोरा ओढून काढला, उजेडात धरला आणि म्हणाल्या, "विहीणबाई, हापूस फार छान हो. शिवणाला दोरासुद्धा सोबत दिलात."

धाकटी नेमकी तेव्हा बांधापलीकडे आंबे उतरवत होती. तिच्या कानावर हे पडलं आणि ती फिस्सकन हसली. हसायला नको होतं. पण हसली.

झालं. थोरली उठली ती थेट कुऱ्हाडीकडे. आणि भांडण तिथवर आलं, जिथं आपण ते पाहिलं.

"गावठी म्हणता, तर म्हणा," धाकटी आता चिडून म्हणाली. "पण तुमचं तेही गावठीच आहे. सांध्याखालचं खुडा म्हणून मी ओरडून सांगितलं होतं. ऐकलंत?"

"तू हसलीस!"

"हसले. चुकले. हवं तर पाया पडते. पण फळांनी लगडलेली फांदी आहे, तिच्यावर घाव घालू नका."

"घालणार! माझ्या हद्दीत आली ती."

"मग त्या हद्दीतले आंबे तुमचे. खा, वाटा, म्हशीला घाला. कुऱ्हाड ठेवा."

म्हशीचं नाव निघताच थोरलीचा तोल सुटला. "तुला सगळं दिलं देवानं! कालवड दिली, गोड झाड दिलं. आणि एवढं घेऊन तुझं पोट भरलं नाही, म्हणून माझी लेक घेतलीस! आंबा दाखवून दाखवून माझ्या पोरीला ओढलीस तू! माझ्या घरात ती पाहुणी झाली, आणि तुझ्या झाडाखाली तिचं माहेर!"

पदरामागचं हसू थांबलं. विहीणबाईंनीसुद्धा मान खाली घातली.

थोरलीनं कुऱ्हाड उचलली. दारातून हौसा आली. तिनं पळी बांधावर ठेवली आणि फांदीखाली, आईच्या पुढ्यात, उभी राहिली.

"बाजूला हो, हौसे. हे झाडच राहिलं नाही, की बसशील माझ्याजवळ."

हौसा बाजूला झाली नाही. तिनं आवाजही चढवला नाही. आपल्या आईच्या तोंडाकडे ती बघत राहिली, आणि तेवढ्या वेळातसुद्धा आईची नजर तिच्या खांद्यावरून धाकटीकडेच होती.

या गोष्टीचं तात्पर्य कुणी निराळं काढायला नको. हौसा जे एकच वाक्य बोलली, ज्यानं थोरलीच्या हातातली कुऱ्हाड गळून पडली आणि भांडण जागच्या जागी संपलं, तेच तात्पर्य:

"आई, काकूच्या झाडाखाली बसलं की काकू माझ्याकडे बघून बोलते, तुझ्याजवळ बसलं की तू बोलतेस माझ्याशी, पण बघतेस बांधापलीकडे."