विहिरीवरचं घरटं

विहिरींना अजून कठडे नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. अशाच एका विहिरीवर वाकलेल्या बाभळीच्या टोकाला सुगरणीचं घरटं लोंबकळत होतं. वारा आला की घरटं झुले आणि आतलं पिल्लू डोळे मिटून ओरडे, "आई गं, खाली केवढं खोल! बाबांना दुसरी जागा मिळाली नाही का?"

"भीती मलाही वाटते रे," सुगरण म्हणे. "तरी बाबांनी विणलेल्या घरट्यांतून मी हेच पसंत केलं."

एका दुपारी पिल्लाच्या वासाने एक धामण बाभळीवर चढली. आईने पिल्लाला पंखाखाली घेतलं. विणीच्या फटीतून ते बघत राहिलं. धामण टोकाशी आली, तशी तिच्या भाराने डहाळी वाकली. तिने खाली पाहिलं आणि ती जागीच थिजली. मग हळूहळू आल्या वाटेने मागे फिरली.

धामण दिसेनाशी झाली. मग पिल्लाने घरट्याच्या दारातून मान बाहेर काढली आणि पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून खाली पाहिलं. त्या काळ्या पाण्यात अख्खं आभाळ मावलं होतं.

नखांनी त्याने घरट्याची कड अजून घट्ट धरून ठेवली होती.

"आई," ते हळूच म्हणालं, "मी घरटं बांधेन ना, तेव्हा याहून खोल विहीर मिळेल का गं?"