पोटाशी धरलेले पाय

देवाशपथ सांगतो, ही गोष्ट खरी आहे. मी तिथे होतो, ह्या डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणजे, तिथे नव्हतो. पण जो होता त्याच्या शेजारी बसून एकदा जेवलोय, आणि जेवताना माणूस खोटं बोलत नाही. निदान तो तरी नाही.

गंगोत्रीच्याही वर, जिथे उगवायला झाडंसुद्धा कां-कू करतात, तिथे एका दगडी कुटीत घोंगडेबुवा राहायचे. मूळचे आपल्या जतकडचे. अंगावर कायम त्यांच्या गुरूंनी दिलेली काळी घोंगडी. ती ज्याच्या खांद्यावर जाईल तो पुढचा बुवा, अशी तिथली रीत. आणि थंडी एवढी, की बुवांच्या दाढीला लोंबणारे बर्फाचे सुळके मोडून शिष्य चहाचं आधण ठेवायचे.

ते असो.

"थंडी वाजत नाही म्हणतोस?" बुवांनी विचारलं.

"नाही, बुवा." श्रीपाद दारात उभा होता. अकोल्याचा तरणा गडी, दिवाळीनंतर येऊन शिष्य झालेला. सकाळपासून नदीकाठच्या खडकावर अनवाणी ध्यानाला बसला होता. "आधी पाय टोचत होते. मग मुंग्या आल्या. मग एकदम... शांत. जणू पाय माझे नाहीतच."

चुलीपाशी दाजीबा लाकडं सारत होता. त्याचा हात थांबला.

दाजीबा थोरला शिष्य. बुवांचे पाय चेपता चेपता त्याचे केस पिकायला आले होते. आणि थंडी? ती त्याला आल्या दिवशी वाजली होती, आजही वाजत होती. पहाटे जपाला बसला की दात असे कडकडायचे, की एका माळेत दोन माळांचा जप व्हायचा.

आणि हा कालचा आलेला... शांत!

"ये. बस. पाय दाखव."

श्रीपादने पाय पुढे केले. बोटं मेणासारखी पांढरी, कडेला करडी झाक. बुवांनी अंगठा हलकेच दाबून पाहिला. कातडं टणक लागलं.

"कळलं का काही?"

"काय कळायचं?" श्रीपाद हसून म्हणाला.



बुवांनी खांद्यावरची घोंगडी काढली आणि श्रीपादला गुंडाळली.

दाजीबाच्या हातातलं लाकूड चुलीत न जाता खाली पडलं.

"बुवा... ज्याला थंडी वाजतच नाही, त्याला घोंगडी?"

"म्हणूनच."

दाजीबा उठला. चेहरा सेवेचा, डोळे मात्र वेगळंच सांगत होते. श्रीपादचे पाय धरत म्हणाला, "आणा इकडे, चोळून देतो. चांगले खसाखसा. एवढ्या मोठ्या सिद्धपुरुषाचे पाय, मलाही थोडं पुण्य लागेल."

"चोळू नकोस."

"मग चुलीजवळ तरी ओढतो."

"भाजतील. आणि त्याला कळायचंही नाही. पाणी कर. कोमट. कोपर बुडवून बघ. तुझं कोपर. त्याला विचारू नकोस."

एवढं बोलून बुवांनी कफनी वर केली आणि ते बर्फासारखे पाय आपल्या उघड्या पोटाशी घट्ट धरले. अंगावर सर्रकन काटा आला त्यांच्या.

दाजीबा बघत राहिला. शिष्याचे पाय. गुरूच्या पोटावर.

त्याने पाणी केलं. कोपर बुडवलं. परात आणून ठेवली. "लाकडं आणतो" म्हणाला आणि बाहेर पडला.

उंबऱ्याबाहेर त्याने लोकरीचे मोजे काढून ठेवले. बर्फात उभा राहिला, डोळे मिटून. शांत व्हायची वाट बघत.

शांत कसलं? पाय असे ठणकायला लागले, की सगळे देव आठवले. उड्या मारत आत आला, लाकडांशिवायच.

आत वेगळाच गोंधळ. श्रीपादचे पाय परातीत, आणि तो किंचाळतोय. "बुवा, आग होतेय! सुया टोचताहेत! काढू का बाहेर?"

"राहू दे. लाली येईपर्यंत राहू दे."

"बघा!" दाजीबा म्हणाला. "गेली का सिद्धी? बोंबलतोय नुसता."

"बोंबलू दे. कधी बोंबलतो याचीच वाट बघत होतो."

तेव्हा कुठे दाजीबाच्या लक्षात आलं, की बुवांचे दात वाजताहेत. थेट त्याच्या स्वतःच्या वाजतात तसे.

"बुवा... तुम्हाला थंडी वाजते?"

"रोज," बुवा म्हणाले. मग श्रीपादकडे वळून, "पाय पुसून सैल गुंडाळून घे. आज त्यांवर उभा राहू नकोस. आणि ऊब आली की घोंगडी परत दे बाबा, मी मरतोय इथे."

मग त्यांनी दाजीबाच्या पायांकडे पाहिलं.

"लाल आहेत. झकास. मोजे घाल."

दाजीबा हलला नाही. छाती चोळत तिथेच उभा. म्हणाला, "माझे लाल! इतकी वर्षं लालच. घोंगडीचं जाऊ द्या, बुवा. पण माझे पाय कधी पोटाशी धरलेत? एकदा तरी? इथे दुखतं मला. इथे."

...

आता कबूल करून टाकतो. दाढीचं तुम्ही मघाशीच ओळखलं असेल, बुवा तुळतुळीत होते. पण दाजीबाचं हे शेवटचं बोलणंही मीच त्याच्या तोंडी घातलंय. तो एक अवाक्षर बोलला नव्हता. ओठ घट्ट मिटून, छाती चोळत, नुसता उभा होता.

बुवांचं पुढचं बोलणं मात्र खरं. ते मला सुचणारच नाही.

त्यांनी त्याचा छातीवरचा हात धरून खाली घेतला.

"दुखतंय ना? मग अजून जिवंत आहे ते. चोळू नकोस."