कार्डाने अडवलेली म्हैस

डिजिटल कॅमेरे नुकतेच घरोघर येऊ लागले होते, तेव्हाची गोष्ट. इंदूताई बोडक्यांच्या चिमुकल्या कॅमेऱ्याच्या पोटात जेमतेम नऊ फोटो मावत. पुढे त्यात जास्तीचे फोटो साठवायला एक कार्ड आलं आणि पहिल्याच दिवशी मालकासारखं वागू लागलं. "यापुढे फोटोंचं काय ते मी बघणार!" कॅमेरा भिडस्त, तो नवा प्रत्येक फोटो कार्डाकडे सोपवू लागला.

एकदा इंदूताईंची म्हैस चांदी चरता चरता शेजारच्या गावात गेली. तिथल्या सोपानने तिला आपल्याच गोठ्यात बांधलं आणि शोधत आलेल्या इंदूताईंनाच वर विचारलं, "ही तुमची कशावरून?"

चांदीच्या गळ्यात हात घालून काढलेला फोटो इंदूताईंना आठवला. पिशवीतून कॅमेरा काढून त्या तिथेच बटणं दाबू लागल्या. कार्डाने बारसं दाखवलं, सहल दाखवली आणि ठसक्यात सांगितलं, "म्हैस नाही. म्हणजे तसा फोटो काढलेलाच नाही!"

"आहे, माझ्या पोटात आहे," कॅमेरा चाचरत म्हणाला. "पण तू आत असलंस की माझं काही दिसत नाही. जरा बाहेर हो."

"मी? बाहेर? मुळीच नाही!"

इंदूताई रडकुंडीला आल्या. ते पाहून कॅमेऱ्याची भीड मोडली. त्याने पडद्यावर सरळ लिहिलं, 'कार्ड वाचता येत नाही.' इंदूताईंनी कार्ड काढून पदराला पुसायला घेतलं, तोच पडद्यावर चांदी झळकली, गळ्यात इंदूताईंचा हात!

सोपानने दावं सोडून इंदूताईंच्या हाती दिलं.

कार्ड पुन्हा आत बसलं खरं. पण आता कुणी फोटो शोधू लागलं, की तेच आधी हळूच विचारतं, "मी जरा बाहेर होऊ का?"