दर वेळी थोडेसे अलीकडे

हिंगणतळे नावाच्या गावी एकदा एक वृद्ध छायाचित्रकार येऊन राहिले. विश्वंभर कानडे त्यांचे नाव. उभे आयुष्य त्यांनी एका कलाविद्यालयात छायाचित्रण शिकवण्यात घालवले होते. निवृत्त झाल्यावर शहर सोडून त्यांनी या गावच्या तळ्याकाठी घर घेतले, ते हिवाळ्यात तळ्यावर उतरणाऱ्या पक्ष्यांच्या ओढीने.

त्यांची एक शिष्या होती, शलाका. तालुक्याच्या गावी तिचा छोटासा स्टुडिओ होता. लग्नकार्याची छायाचित्रे ती फार सुंदर काढी. पण सवड मिळाली की तिची पावले तळ्याकडेच वळत. तळ्याच्या उथळ टोकाला दरवर्षी पट्टकादंब येत. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या मिरवणारा हा बदकाहून मोठा, डौलदार पक्षी. थेट हिमालय ओलांडून तो आपल्या मुलखात येतो.

त्या वर्षी ग्रामपंचायतीने तळ्याचे ते उथळ टोक भराव घालून बुजवायचे आणि तिथे बाजारतळ करायचा असे योजले. शलाकाला ते कळताच ती ग्रामसभेत उभी राहिली.

सरपंच रंगनाथराव, ज्यांना सारा गाव आबा म्हणे, ते काही दुष्ट गृहस्थ नव्हते. ते म्हणाले, "पोरी, पाखरांना काय, एवढं मोठं तळं पडलंय. इथं नाही तर तिथं बसतील."

"नाही बसत, आबा. त्यांना उथळ पाणीच लागतं. आणि ही कुठलीही पाखरं नाहीत. त्यांच्यातल्या एकाच्या गळ्यात हिरवा पट्टा आहे, त्यावर अक्षरं आहेत. कुणीतरी अभ्यासकानं घातलाय तो. ती अक्षरं वाचता आली, तर हा पक्षी कुठून आला आणि याआधी इथे आला होता का, ते कळेल."

आबा म्हणाले, "मग वाचून दाखव. पुढच्या सभेपर्यंत भरावाचं काम थांबवतो. त्याच्यापुढं मात्र माझं कुणी ऐकणार नाही."

शलाका कामाला लागली. नेम धरताच आपोआप स्पष्टता जुळवून घेणारी मोठी लेन्स घेऊन ती रोज पहाटे चिखलात पालथी पडून राहू लागली. पक्षी जवळ येत, माना वर करत, तिचे बोट अचूक क्षणी दाबले जाई. पण संगणकावर छायाचित्र मोठे करून पाहावे, तर पक्ष्याच्या पुढचे गवत पात्यापात्यासकट स्पष्ट, आणि गळपट्ट्यावरची अक्षरे मात्र धुक्यात बुडालेली. असे पुनःपुन्हा झाले. शेवटी तिने एक युक्ती केली. हिरव्या पट्ट्याच्या पक्ष्याऐवजी ती त्याच्या मागच्या पक्ष्यावर नेम धरू लागली, म्हणजे लेन्सची नजर अलीकडे घसरली तरी नेमक्या जागी पडेल. कधी ते जमल्यासारखे वाटे. पण मागचा पक्षी दोन पावले चालला की सगळे पुन्हा बिघडे.

सभेच्या आदल्या दिवशी सकाळी ती कानडेसरांच्या दारात उभी राहिली. डोळे तांबारलेले, कपड्यांवर वाळका चिखल.

"सर, मला वाटतं मी लग्नांचेच फोटो काढावेत," ती म्हणाली. "माझा हात हलतो. ही लेन्स माझ्या आवाक्यातली नाही. उद्या सभेत जाऊन हरले म्हणून सांगते."

सरांनी तिची छायाचित्रे एकामागून एक पाहिली. मग आत जाऊन त्यांनी एक फलक आणला. त्यावर काळेपांढरे चौकोन छापलेले होते आणि बाजूला आकड्यांची एक पट्टी तिरपी बसवलेली होती, जिन्याच्या कठड्यासारखी पुढून मागे चढत जाणारी. अंगणाच्या पार टोकाला त्यांनी तो फलक उभा केला, दुसऱ्या टोकाला तिवईवर शलाकाचा कॅमेरा बसवला, आणि दोन्ही एका उंचीवर, अगदी समोरासमोर आहेत याची खात्री करून घेतली.

"चौकोनावर नेम धर आणि काढ छायाचित्र."

"सर, पक्षी तिकडे पाण्यात बसलेत! आज ना उद्या उडतील ते उत्तरेला."

"बसू देत. तू काढ."

तिने काढले. सर पुढे झाले आणि त्यांनी लेन्सचे कडे गरागरा फिरवून समोरचे सगळे पार धूसर करून टाकले. "आता पुन्हा."

तिने पुन्हा काढले. त्यांनी पुन्हा कडे फिरवले. जुळलेले मोडायचे, तिने ते जुळवायचे, की पुन्हा मोडायचे. तळ्याकडून पक्ष्यांचे घोगरे आवाज येत होते आणि शलाकाचा संयम सुटत चालला होता.

"सर, जमलेलं तुम्ही दर वेळी का बिघडवता?"

"कारण लेन्स जिथे थांबली आहे तिथेच राहिली, तर ती शोधते आहे की नुसती बसून आहे, हे आपल्याला कसं कळणार? दर वेळी तिला नव्यानं शोधायला लावायचं. आता ये, बघ."

दोघांनी छायाचित्रे मोठी करून पाहिली. नेम होता चौकोनावर, म्हणजे पट्टीवरच्या शून्याच्या रेषेवर. पण तिरप्या पट्टीवरचे जे आकडे सर्वांत स्पष्ट उमटले होते, ते शून्याच्या अलीकडचे, कॅमेऱ्याच्या बाजूचे होते. पहिल्या छायाचित्रात तेच, दुसऱ्यात तेच, सगळ्यांत तेच. कॅमेरा तिवईवर होता, त्याला कोणाचा हात लागलेला नव्हता. तरी दर वेळी थोडेसे अलीकडे.

शलाका त्या आकड्यांवर वाकली. "म्हणजे माझा हात..."

"तुझा हात चांगला आहे," सर म्हणाले. "हात हलला असता, तर कधी पुढे गेलं असतं, कधी मागे, कधी सगळंच पुसट झालं असतं. जी चूक रोज नवी असते, तिला काय करणार? पण जी दर वेळी एकाच बाजूला, तेवढीच होते, ती दैव नव्हे आणि दोषही नव्हे. तिला कल म्हणतात. कल मोजता येतो, आणि जे मोजता येतं ते दुरुस्त होतं. तू मात्र न मोजताच दोन गोष्टी केल्यास. आधी मागच्या पक्ष्यावर नेम धरून चुकीला चुकीनं झाकू लागलीस, आणि ते जमेना तेव्हा स्वतःलाच नालायक ठरवलंस."

मग त्यांनी तिला कॅमेऱ्यातली सूक्ष्म दुरुस्तीची सोय दाखवली. तिने त्यातला आकडा किंचित मागे सरकवला, लेन्स धूसर केली, छायाचित्र काढले, पट्टी पाहिली. अजून अलीकडे. आणखी सरकवला. आता पलीकडे गेले. थोडा परत आणला. ऊन अंगणात आले तेव्हा शून्याची रेघ केसासारखी बारीक आणि स्वच्छ उमटली. तिने लेन्स पुन्हा बिघडवली, पुन्हा काढले. शून्य. आणखी एकदा. शून्यच.

"आता जा," सर म्हणाले, "आणि जो पक्षी हवा त्याच्यावरच नेम धर."

ती धावतच गेली. काठाशी पोटावर पडून सरपटत पुढे सरकली. थवा बेचैन झाला होता, माना उंचावू लागला होता. हिरव्या पट्ट्याचा पक्षी पाण्यातून निघून उन्हात आला आणि त्याने मान वळवली. तिने थेट त्याच्या गळ्यावर नेम धरला आणि बटण दाबले. दुसऱ्या क्षणी सारा थवा पंख फडफडवत आकाशात चढला.

तिथेच, चिखलात बसून तिने कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र मोठे केले. पिसन् पीस दिसत होते. डोळ्यातला उन्हाचा ठिपका दिसत होता. आणि हिरव्या पट्ट्यावर, शाळेच्या फळ्यावर लिहावीत तशी, पांढरी ठळक अक्षरे.

"वाचता येतंय!" ती उभी राहून सरांच्या घराच्या दिशेने ओरडली. "सर, वाचता येतंय!"

त्याच दुपारी सरांच्या ओळखीच्या एका पक्षिसंशोधकांनी फोनवर ती अक्षरे ऐकली आणि नोंदी तपासून सांगितले: हिमालयापलीकडच्या एका सरोवरावर या मादीला पट्टा घातला होता. त्यानंतर ती पुन्हा कुणाला दिसली नव्हती. ती जिवंत असल्याची ही पहिलीच खूण.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा भरली त्या शाळेच्या भिंतीवर ते छायाचित्र झळकले. आबांनी चष्मा लावला, जागेवरून उठले, भिंतीजवळ गेले आणि मोठ्याने एकेक अक्षर वाचले. कहाणी ऐकून झाल्यावर ते सभेकडे वळले.

"एवढे डोंगर ओलांडून ती आपल्या गावात उतरली, मंडळी. तिची जागा बुजवायची का? बाजारतळ वरच्या माळावर नेऊ. कुणाचं काही म्हणणं?"

कुणाचेच काही म्हणणे नव्हते. एकामागून एक हात वर झाले, मग टाळ्या सुरू झाल्या, आणि बायकांच्या बाजूने कुणीतरी "शाब्बास गं पोरी!" असे ओरडताच सगळी शाळा दुमदुमली. शलाकाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते आणि ती हसत होती.

सभा पांगल्यावर ती सरांच्या पाया पडली. ते म्हणाले, "तुझी ती लग्नाची लेन्स आहे ना, धाकटी? उद्या तीही घेऊन ये."

"ती बरोबर असेल की, सर. हिचा कल तर काढला आपण."

"हा हिचा कल झाला. तिचा वेगळा असेल."

शलाकाला ते पटले. आपापला कल ज्याचा त्याला वेगळा मोजून घ्यावा लागतो; त्यानंतर मात्र नेम धरायला भिण्याचे कारण उरत नाही.