हात न लावता ठेवलेलं पान

फार फार मागे, नदीलासुद्धा अजून नाव पडलं नव्हतं तेव्हा, एका माकडाने पैज लावली. कसली? सांगतो, पण हसू नका.

त्या जंगलात एका वडाखाली आजारी प्राण्यांना ठेवायचे. तेव्हा वीस जण होते. त्यांचं बघायला तिघंच: म्हातारी अस्वलमावशी, एक खार आणि हे माकड. रीत अशी, की प्रत्येकाच्या अंगाला हात लावायचा, श्वास मोजायचा, जखम बघायची. ठीक असेल तर उशाशी हिरवं पान, नसेल तर वाळकं. वाळकं पान दिसलं, की मावशी हातातलं टाकून धावायची.

एकदा खार वडामागे औषध कुटत बसली होती, मावशी नदीवर पाण्याला गेली होती. फांदीवरून कावळा माकडाला म्हणाला, "काय रे, वीस जणांना अख्खी सकाळ? तुझ्यापेक्षा गोगलगाय बरी!"

"हॅ! मनात आणलं ना, तर मावशी पाणी घेऊन यायच्या आत उरकेन."

"लाव पैज."

"लावली!"

झालं, सुटली स्वारी. टपाटप हिरवी पानं. ना श्वास मोजला, ना जखम बघितली.

शेवटी सायाळ. दगडावरून घसरून तिचा पाय फाटला होता. तिला तपासायचं म्हणजे काट्यांमधून हळूच हात घालायचा, त्याला लागतो वेळ. सकाळभर ती कण्हत होती, आता एकदम गप्प. 'बरं वाटतंय बहुतेक,' माकड मनात म्हणालं. पान ठेवलं आणि टुणकन फांदीवर. "जिंकलो!"

मावशी आली. वीसच्या वीस हिरवी पानं बघून तिला हायसं वाटलं. टेकडीपलीकडे एक हरणी विताना अडली होती, ती तिकडे निघून गेली.

परतली, तेव्हा सायाळीचं पिल्लू आईला ढोसत होतं. "मावशी, आई उठतच नाही गं."

मावशीने हात घातला. अंग गार. पट्टी सुटलेली, पायाखालचा पाला रक्ताने चिंब. सायाळ गेली होती.

मावशी अशी गरजली, की झाडावरची पाखरं उडाली. "कोणी ठेवलं हे पान? अरे, झोपलेला गप्प असतो, आणि मरायला टेकलेलाही गप्पच असतो! हात लावल्याशिवाय कळणार कसं, मुडद्यांनो? वाळकं पान असतं तर मी गेले असते का? पाय दाबून धरायचा, पट्टी आवळायची. एवढंच होतं रे, एवढंच!"

सायाळीची पट्टी रोज खार बांधायची, म्हणून पानही तिनेच ठेवलं असं मावशीला वाटलं. मावशी तिच्यावर धावली. "तूच ना? चालती हो इथून!"

खार रडत निघाली. कावळा कधीच उडून गेला होता. पान ठेवताना माकडाला कोणी बघितलं नव्हतं. गप्प बसलं असतं, तर सुटलं असतं.

तेवढ्यात पिल्लू त्याच्याकडे आलं. "माकडदादा, तू बघ ना हात लावून. तुला येतं ना?"

माकड खाली उतरलं. मान वर होईना.

"मावशी, तिला सोड. पान मी ठेवलं. पैजेपायी. मी हातच लावला नाही."

म्हणून सांगतो: न तपासता 'ठीक आहे' म्हणणारा आजाऱ्याची देखभाल करत नाही, त्याचा जीव घेतो.